'मी'चे स्तोत्र आणि 'आपण'चा अभाव : रशच्या '२११२' या अल्बमचे तौलनिक वाचन

१.

'रश' हा कॅनडातील टोरोंटो शहराचा तीन वादकांचा रॉक वाद्यवृंद. त्याचा '२११२' हा अल्बम १९७६ मध्ये प्रकाशित झाला. हार्ड रॉकचा आक्रमक नाद आणि प्रोग्रेसिव्ह रॉकची दीर्घ, बहुखंडी रचना यांचा मेळ घालणारी सत्तरच्या दशकातील एक प्रातिनिधिक कृती म्हणून संगीताच्या इतिहासात त्याची नोंद घेतली जाते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला मात्र तो आणखी एका कारणाने महत्त्वाचा वाटावा. अल्बमच्या पहिल्या बाजूवरील सुमारे वीस मिनिटांच्या रचनेचा आयन रँड यांच्या 'अँथम' या लघुकादंबरीशी उघड संबंध आहे, आणि वेष्टनावर रँड यांच्या प्रतिभेचे ऋण छापील शब्दांत मान्य केलेले आहे. साहित्यकृती आणि रॉक संगीत यांच्यातील नाते इतक्या स्पष्टपणे नोंदवलेले क्वचितच आढळते.

या ऋणनिर्देशाने अल्बमच्या स्वीकाराची दिशाही ठरवून टाकली. चाहत्यांनी त्याला व्यक्तिस्वातंत्र्याचा जाहीरनामा मानले, तर टीकाकारांनी उजव्या विचारसरणीचा प्रचार. हे दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी असले तरी त्यांच्या मुळाशी असलेले गृहीत एकच आहे. रूपांतर हे मूळ संहितेचा विचार जसाच्या तसा वाहून आणते, म्हणून रँड यांचे तत्त्वज्ञान ओळखले की अल्बमही ओळखला, असे ते गृहीत. प्रस्तुत निबंधात हे गृहीत तपासून पाहिले आहे. त्यासाठी 'सर्वनाम' हा अगदी साधा व्याकरणिक निकष निवडला आहे. 'अँथम' ही सर्वनामाच्या शोधाची कथा आहे. तेव्हा '२११२'मध्ये 'मी' कोण म्हणतो, 'आम्ही' कोण म्हणतो आणि कोणाला उद्देशून म्हणतो, हे पाहिले की मूळ संहिता आणि रूपांतर यांतील अंतर नेमके मोजता येते.

२.

अल्बमची निर्मिती ज्या परिस्थितीत झाली तिचा धावता निर्देश आवश्यक आहे. गेडी ली (गायन व बेस गिटार), अलेक्स लाइफसन (गिटार) आणि १९७४ मध्ये येऊन मिळालेले नील पिअर्ट (तालवाद्ये) हे या वाद्यवृंदाचे तीन सदस्य. पिअर्ट हे चौफेर वाचन असलेले वादक. ते आल्यावर गीतलेखनाची मुख्य जबाबदारी त्यांच्याकडे गेली. १९७५ च्या 'फ्लाय बाय नाइट' या अल्बमचा आरंभच 'अँथम' या शीर्षकाच्या गीताने होतो, यावरून रँड यांच्या लेखनाशी त्यांचा परिचय आधीपासूनचा होता हे स्पष्ट होते. त्याच वर्षीच्या 'करेस ऑफ स्टील'मध्ये एक संपूर्ण बाजू व्यापणारी रचना होती. परंतु तो अल्बम फारसा विकला गेला नाही. ध्वनिमुद्रण कंपनीची अपेक्षा साहजिकच छोट्या, नभोवाणीवर वाजवता येतील अशा गीतांची होती. वाद्यवृंदाने ही अपेक्षा बाजूला सारली आणि पुन्हा एकदा अख्खी बाजू व्यापणारी रचना केली. तीच '२११२'. हा अल्बम यशस्वी ठरला. १९७७ मध्ये अमेरिकेत त्याला सुवर्ण तबकडीचा मान मिळाला आणि पुढे तेथील विक्री ३० लाखांच्या वर गेली.

निर्मितीची ही हकीकत अल्बमच्या कथेशी इतकी जुळते की कथेतील पुरोहित म्हणजे कंपनीचे अधिकारी असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. हे समीकरण चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कारण कथेतील नायक एकटा आहे आणि त्याचा पराभव होतो. तिची निर्मिती करणारे मात्र तिघे आहेत आणि ते टिकून राहिले. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

३.

रँड यांची 'अँथम' १९३८ मध्ये प्रथम इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. तिची सुधारित अमेरिकी आवृत्ती १९४६ ची. तिच्या जगात एकवचनी प्रथमपुरुष नष्ट झालेला आहे. 'समता ७-२५२१' असे नाव दिलेला निवेदक स्वतःविषयी बोलतानाही अनेकवचनच वापरतो, कारण त्याच्या भाषेत दुसरा शब्दच उरलेला नाही. रस्ते झाडण्याचे काम नेमून दिलेला हा तरुण जमिनीखालच्या एका जुन्या बोगद्यात दोन वर्षे गुप्तपणे प्रयोग करतो आणि विजेचा दिवा तयार करतो. विद्वानांच्या जागतिक परिषदेपुढे तो दिवा मांडला जातो तेव्हा परिषद भयभीत होते. सर्वांनी मिळून न शोधलेली गोष्ट सत्य असू शकत नाही आणि तिच्यामुळे मेणबत्ती खात्याची घडी विस्कटेल, असे तिचे म्हणणे. निवेदक अरण्यात पळून जातो. त्याच्यामागून त्याची प्रेयसीही येते. जुन्या काळातील एका घरात त्यांना ग्रंथ सापडतात आणि त्या ग्रंथांत 'मी' हा शब्द सापडतो. शेवटी निवेदक आपल्या घराच्या दारावर 'अहं' या अर्थाचा लॅटिन शब्द कोरण्याचा संकल्प करतो. कादंबरीचा शेवट हा विजयाचा आहे.

'२११२'चे कथानक वरवर पाहता हेच आहे. लाल ताऱ्याच्या निशाणाखाली एकवटलेले 'सौर संघराज्य', त्यावर सत्ता गाजवणारे 'सिरिंक्सच्या मंदिरां'तील पुरोहित, धबधब्यामागील गुहेत नायकाला सापडणारी एक प्राचीन गिटार, ती घेऊन पुरोहितांपुढे जाणे आणि पुरोहितांनी तिचा चुरा करणे. दिव्याच्या जागी गिटार आणि परिषदेच्या जागी मंदिर, एवढाच बदल असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु बारकाईने पाहिल्यास तीन मूलभूत भेद लक्षात येतात.

पहिला भेद सर्वनामाचा. '२११२'चा नायक आरंभापासूनच 'मी' म्हणतो. त्याला हा शब्द शोधावा लागत नाही. वेष्टनावर प्रत्येक खंडासोबत दैनंदिनीच्या धाटणीचे गद्य निवेदन छापलेले आहे, तेही प्रथमपुरुषी एकवचनातच. म्हणजे रँड यांच्या कादंबरीचा जो कळसाध्याय, तो येथे कथा सुरू होण्यापूर्वीच पार पडलेला आहे. एकवचन उपलब्ध असूनही या माणसाचे जगणे रिते आहे, तेव्हा त्याच्यापाशी नेमके काय नाही, हा प्रश्न येथे नव्याने उभा राहतो.

दुसरा भेद सापडलेल्या वस्तूचा. रँड यांचा नायक हा निर्माता आहे. दिवा त्याच्या श्रमाचे आणि बुद्धीचे फळ आहे. '२११२'च्या नायकाला वाद्य तयार मिळते. ते कोणीतरी, केव्हातरी, वाजवण्यासाठी घडवलेले आहे. त्याचे कर्तृत्व एवढेच की तो त्या तारांना हात लावतो आणि त्यांतून सूर काढायला शिकतो. तो निर्माता असण्यापेक्षा वारसदार आहे. रँड यांच्या विचारव्यूहात निर्मात्याच्या स्वयंपूर्णतेला जे सर्वोच्च स्थान आहे, त्याला येथे सुरुवातीलाच तडा जातो.

तिसरा भेद सत्तेच्या स्वरूपाचा. रँड यांच्या परिषदेला दिवा ठाऊक नाही. ती अज्ञानातून घाबरते. सिरिंक्सच्या पुरोहितांना मात्र गिटार ठाऊक आहे. हे काही नवे नव्हे, जुन्या मानववंशाच्या नाशाला हातभार लावणारे हे एक खेळणे आहे आणि ते आमच्या योजनेत बसत नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय. येथील सत्ता अज्ञानी नसून स्मृतीची मक्तेदार आहे. काय आठवायचे आणि काय विसरायचे हे ती ठरवते. या मक्तेदारीची खूण मंदिराच्या नावातच आहे. ग्रीक पुराणकथेतील सिरिंक्स ही पॅनपासून पळताना बोरूचे रूप घेणारी अप्सरा. त्याच बोरूंपासून पॅनने आपला पावा केला. ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'च्या पहिल्या खंडात ही कथा येते. ज्यांनी वाद्याचा चुरा केला त्यांच्या मंदिराला वाद्याच्या जन्मकथेचे नाव असावे, हा उपरोध हेतुपूर्वक असो वा नसो, संहितेत तो उपस्थित आहे.

या संदर्भात रँड यांच्याही आधीच्या एका कादंबरीची आठवण अपरिहार्य ठरते. येव्गेनी झाम्यातिन यांची 'आम्ही' ही रशियन कादंबरी १९२०-२१ मधली. तिचे इंग्रजी भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तीही दैनंदिनीवजा नोंदींच्या रूपात आहे आणि तिच्यातील माणसांनाही क्रमांक आहेत. तिच्यात एक प्रसंग संगीताचा आहे. गणिताच्या नियमांनी स्वररचना तयार करणाऱ्या यंत्राचे गुणगान चालू असताना, जुन्या काळातील हास्यास्पद वस्तूचा नमुना म्हणून एक पियानो मांडला जातो आणि एक स्त्री त्यावर स्क्र्याबिन वाजवते. सभागृह हसते; निवेदक मात्र आतून हादरतो. कालबाह्य ठरवलेल्या वाद्यातून नियंत्रित जगाला तडा जाणे, हे सूत्र '२११२'ला 'अँथम'पेक्षाही अधिक जवळचे आहे. येथे प्रभावाचा दावा करण्याचे कारण नाही. प्रतियूटोपियाच्या परंपरेत संगीताला ही भूमिका आधीपासून मिळालेली होती आणि रँड यांनी ती दिव्याला, म्हणजे उपयुक्त यंत्राला दिली, हे साम्यभेदावरून ध्यानात येते. पिअर्ट यांनी रँड यांच्याकडून कथेचा सांगाडा घेतला आणि, कळत वा नकळत, तिच्यात संगीत पुन्हा आणले.

४.

गीताची संहिता छापील शब्दांवर संपत नाही. ती नादात पूर्ण होते. '२११२'चे सात खंड आहेत: पूर्वरंग, सिरिंक्सची मंदिरे, शोध, सादरीकरण, स्वप्नवाणी, स्वगत आणि महासमाप्ती. शब्दरहित पूर्वरंगात पुढील खंडांतील सुरावटींची चाहूल दिली जाते. त्याच्या अखेरीस गिटारवर चायकोव्स्कीच्या '१८१२' या पूर्वरंगातील सुपरिचित सुरावट येते. शीर्षकातील आकड्यांचे साम्य लक्षात घेता हे उद्धरण केवळ गंमत म्हणून आलेले नाही. १८८० मध्ये रचलेली ती कृती नेपोलियनवरील रशियन विजयाचे स्मारक आहे आणि तिच्यात फ्रान्सचे 'मार्सेयेज' आणि झारचे स्तुतिगीत यांची झुंज आहे. म्हणजे तीही समूहगीतांनी घडलेली रचना होय. रँड यांच्या शीर्षकाचा अर्थही स्तोत्र किंवा समूहगान असाच आहे. त्यांच्या कादंबरीतील समाज बंधुत्वाची आणि समतेची स्तोत्रे एकत्र गातो, आणि त्या गायनाला उत्तर म्हणून त्यांनी 'मी'चे स्तोत्र लिहिले. '२११२'च्या आरंभीच एका साम्राज्याच्या विजयगीताचा तुकडा यावा, याने समूहाच्या गाण्याविषयीचा प्रश्न नादाच्या पातळीवर उपस्थित होतो.

दुसऱ्या खंडात पुरोहितांचा आवाज येतो. ली यांनी तो अतिशय वरच्या पट्टीत, किंचाळीच्या सीमेवर लावला आहे. तिसऱ्या खंडात याच्या अगदी उलट रचना आहे. पाण्याचा आवाज, आणि त्यामागे कोणीतरी चाचपडत तारा जुळवतो आहे. आधी सुट्या तारा, मग बेसूर स्वर, मग हळूहळू जुळत जाणारा नाद, आणि अखेर एक ओळखता येणारी सुरावट. रॉक संगीतात वादनकौशल्याचे प्रदर्शन हा प्रतिष्ठेचा विषय असताना लाइफसन यांनी येथे न येण्याचे वादन केले आहे. वाद्य शिकण्याची प्रक्रियाच या खंडाचा आशय होते. कादंबरीत दोन वर्षांचे प्रयोग काही वाक्यांत सांगावे लागतात. येथे शोधाचा काळ श्रोता प्रत्यक्ष ऐकतो. रूपांतराने मूळ कृतीपेक्षा जे अधिक साधले ते येथे.

चौथ्या खंडातील संवाद आणखी अर्थपूर्ण आहे. नायकाच्या वाट्याला मऊ, विनवणीचा स्वर आहे. पुरोहितांच्या वाट्याला तोच दुसऱ्या खंडातील कर्कश स्वर. परंतु हे दोन्ही आवाज एकाच गायकाचे आहेत. सत्ता आणि तिचा बळी एकाच कंठातून बोलतात. याहून महत्त्वाचे असे की, नायकाचा 'मी' प्रत्यक्षात तिघांनी मिळून घडवलेला आहे. त्याचे शब्द पिअर्ट यांचे, आवाज ली यांचा आणि त्याच्या हातातील गिटार लाइफसन यांची. कादंबरीकाराला एकटेपणाची कथा एकट्याने लिहिता येते. वाद्यवृंदाला ती एकमेकांच्या तालाकडे कान देऊनच सांगावी लागते. व्यक्तिवादाचे हे स्तोत्र निर्मितीच्या पातळीवर सहकार्याचा पुरावा आहे. माध्यमाने विचाराला घातलेली ही मर्यादा आहे आणि तिच्यामुळेच ही कृती विचाराच्या पुढे जाते.

५.

येथे मराठी व्याकरणातील एका भेदाचा आधार घेणे उपयुक्त ठरेल. प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत: ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण'. गुजरातीत 'अमे' व 'आपणे', तमिळमध्ये 'नांगळ्' व 'नाम्', तेलुगूत 'मेमु' व 'मनमु' असा हाच भेद आढळतो. प्रमाण हिंदीतील 'हम' आणि इंग्रजीतील 'वुई' मात्र तो करीत नाहीत. पूर्वेकडील हिंदी बोलणारा तर एकट्या स्वतःलाही सहज 'हम' म्हणतो. केशवसुतांच्या 'आम्ही कोण?' या कवितेचे शीर्षक याच भेदावर उभे आहे. तेथे 'आपण' घातल्यास कवीने जगापुढे घेतलेली भूमिकाच नाहीशी होईल. एमिल बेनव्हेनिस्त या भाषावैज्ञानिकाने 'आम्ही' हे अनेक 'मीं'ची बेरीज नसून 'मी' आणि 'मी नसलेले' यांचा संयोग असतो, आणि तो 'मी व तू' किंवा 'मी व ते' अशा दोन प्रकारे होतो, असे प्रतिपादन केले होते. ज्या भाषांत हे दोन प्रकार वेगळ्या शब्दांनी दाखवले जातात, त्या भाषांच्या वाचकाला इंग्रजी संहितेत दडलेली संदिग्धता चटकन जाणवते.

'अँथम' मराठीत आणायची झाल्यास भाषांतरकारापुढे पहिल्याच वाक्यापाशी पेच उभा राहील. निवेदकाच्या तोंडी 'आम्ही' घालावे तर मराठीत ते राजाचे किंवा मठाधिपतीचे आदरार्थी 'आम्ही' वाटेल, आणि रस्ते झाडणारा दास सिंहासनावरून बोलतो आहे असा आभास होईल. 'आपण' घालावे तर आत्मीयता येईल, जिचा त्या जगात लवलेश नाही. रँड यांना सर्व प्रकारचे अनेकवचन हीच गुलामगिरी वाटते. हे सरसकटीकरण इंग्रजीत सहज पचते. कारण तेथे लादलेले अनेकवचन आणि आपखुशीचे अनेकवचन यांना एकच शब्द आहे.

'२११२'च्या पुरोहितांचे गीत या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. आरंभी ते सांगतात की सर्व गोष्टींची काळजी त्यांनी घेतलेली आहे. ऐकायचे शब्द आणि गायची गाणी तेच पुरवतात. हे 'आम्ही' स्पष्टपणे ऐकणाऱ्याला वगळणारे आहे. पुढे सर्वजण एकत्र श्रमतात, सारे एकाच कुळातील पुत्र आहेत, असा सूर लागतो, आणि सर्वनाम 'आपण'चे रूप घेते. ध्रुवपदात ते स्वतःची पुरोहित म्हणून ओळख करून देतात, तेव्हा पुन्हा 'आम्ही'. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच शब्द येतो, त्यामुळे ही हातचलाखी लपून राहते. जुलमी सत्तेचे भाषिक तंत्र नेमके हेच असते. ती 'आम्ही'ला 'आपण'चा मुखवटा चढवते.

नायकाची शोकांतिका याच ठिकाणी उलगडते. त्याच्याजवळ 'मी' आहे; पुरोहितांजवळ 'आम्ही' आहे; 'आपण' कोणाजवळच नाही. गिटार सापडताच त्याच्या मनात येणारा पहिला विचार ती लपवून ठेवण्याचा नसतो. हा नाद सर्वांना ऐकवावा, त्यांनी आपापली गाणी करावीत, असे त्याला वाटते. रँड यांच्या नायकालाही दिवा बांधवांना द्यायचा असतो. परंतु नाकारला गेल्यावर तो अरण्यात जातो, तेथे त्याला प्रेयसीची सोबत मिळते आणि पुढे निवडक मित्रांना सोडवून आणण्याची योजनाही आखता येते. '२११२'मध्ये प्रेयसी नाही, मित्र नाही. किंबहुना संपूर्ण कथेत एकही स्त्री नाही. ही पिअर्ट यांच्या संहितेची उणीव म्हणून दाखवता येईल आणि तशी ती आहेही. तथापि या उणिवेमुळेच एक गोष्ट विलक्षण स्पष्ट होते. ज्याला 'तू' म्हणावे असे कोणी नाही, त्याचा 'मी' उच्चारता येत असूनही निरर्थक आहे. सहाव्या खंडात, म्हणजे स्वगतात, नायक गुहेतच आपले जीवन संपवतो. 'मी' हे उत्तर असते तर ही कथा तेथे संपली नसती.

सातव्या खंडात संघर्षाचे नादचित्र आहे आणि अखेरीस एक निवेदनवजा आवाज संघराज्यातील सर्व ग्रहांना उद्देशून सत्तेचा ताबा घेतल्याचे पुनःपुन्हा घोषित करतो. ही घोषणा प्रथमपुरुषी अनेकवचनात आहे. घोषणा करणारे कोण? पाचव्या खंडातील स्वप्नात, फार पूर्वी निघून गेलेला जुना मानववंश मंदिरे उलथवण्यासाठी परतणार असल्याचे सूचित झालेले असते. पिअर्ट यांचाही कल याच अर्थाकडे होता. परंतु श्रोत्याच्या कानावर पडतो तो एक थंड, यांत्रिक आवाज, आणि त्यातून तोच पुरोहितांचा सूर ऐकू येतो असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. रँड यांची कादंबरी 'अहं'वर संपते. तिच्यावर आधारलेली रचना अनेकवचनी सर्वनामावर संपते. मराठी भाषांतरकाराला येथे निवड करावीच लागेल. 'आम्ही' घातले तर ते केवळ सत्तांतर ठरेल. एका मंदिराच्या जागी दुसरे. 'आपण' घातले तर मुक्ती; शिवाय मराठीत 'आपण' हे आदरार्थी द्वितीयपुरुषाचेही रूप असल्याने ताबा श्रोत्यानेच घेतला आहे असा तिसरा अर्थही डोकावेल. मूळ रचना या निवडीपूर्वी थांबते. तिचे वैचारिक मोल या थांबण्यात आहे.

६.

अल्बमची दुसरी बाजू पाच स्वतंत्र गीतांची आहे आणि तिच्याकडे समीक्षेचे दुर्लक्ष झाले आहे. त्यातील बहुतेकांविषयी येथे विस्ताराची गरज नाही. 'अ पॅसेज टू बँकॉक' हे पहिले गीत मात्र प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे. शीर्षकातून फॉर्स्टर यांच्या 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) या कादंबरीची आठवण जागी होते. गीतात बोगोटापासून जमैका, मोरोक्को, लेबनॉन, अफगाणिस्तान, काठमांडूमार्गे थायलंडपर्यंतचा प्रवास आहे. प्रत्येक मुक्काम तेथील मादक धुराने ओळखला जातो. सुरुवातीला गिटारवर वाजणारी सुरावट पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताने 'पूर्वे'साठी ठरवून ठेवलेल्या साच्यातील आहे.

हे गीतही 'वुई'चेच आहे. येथील सर्वनाम नि:संशय 'आम्ही' होय. ज्या प्रदेशांतून ही काल्पनिक आगगाडी जाते तेथील माणसांना त्या सर्वनामात जागा नाही. ती माणसे गीतात बोलतही नाहीत. पहिल्या बाजूवर पुरोहितांचा वगळणारा 'आम्ही' ज्या तीव्रतेने उघडा पाडला गेला, ती तीव्रता तबकडी उलटताच मावळते. ज्या प्रदेशाचा असा सुगंधी मुक्काम झाला त्या प्रदेशातील वाचकाला ही विसंगती दिसल्यावाचून राहत नाही. तिच्यामुळे अल्बम त्याज्य ठरत नाही. पण स्वातंत्र्याच्या ज्या कल्पनेवर तो उभा आहे तिची भौगोलिक सीमा मात्र दिसून येते.

७.

अल्बमभोवतीचा मोठा वाद वेगळ्याच दिशेने आला. मार्च १९७८ मध्ये 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या ब्रिटिश साप्ताहिकात बॅरी माइल्स यांचा, वाद्यवृंदाच्या मुलाखतीवर आधारलेला लेख प्रसिद्ध झाला. मुलाखतीत पिअर्ट यांनी समाजवादी व्यवस्थेविरुद्ध आणि मुक्त उद्यमाच्या बाजूने मते मांडली होती. माइल्स यांनी या मतांचा संबंध फॅसिझमशी जोडला आणि ऑश्विट्झच्या प्रवेशद्वारावरील कुप्रसिद्ध घोषणेचे स्मरण करून दिले. गेडी ली यांचे आईवडील पोलंडमधील ज्यू. दोघेही ऑश्विट्झमधून वाचलेले. त्यांच्या मुलाच्या बाबतीत असे लिहिले जावे यातील क्रौर्य सांगण्याची आवश्यकता नाही.

तथापि समीक्षेचा प्रश्न येथे संपत नाही. कलावंताच्या घराण्याने सोसलेले दुःख हे त्याच्या कृतीच्या निर्दोषतेचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही; तसेच मुलाखतीत मांडलेले मत हा कृतीवरील गुन्ह्याचा पुरावाही होऊ शकत नाही. माइल्स यांचे बचावकर्ते आणि विरोधक या दोघांनीही कृतीबाहेर साक्षीदार शोधले. पिअर्ट यांनी पुढे रँड यांच्यापासून अंतर राखले आणि २०१२ मध्ये, त्यांचे अनुयायित्व नाकारताना, व्यक्तिस्वातंत्र्यासोबत दुर्बलांविषयीची करुणाही आपल्याला मोलाची वाटते अशी भूमिका घेतली. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. ही वाटचाल लक्षणीय असली तरी १९७६ च्या संहितेचा अर्थ लावताना तिचाही आधार घेण्याचे कारण नाही, कारण ते अंतर त्या संहितेतच पडलेले होते. ज्या कृतीत 'मी' एकाकी मरतो, जिच्यात सत्ता आणि बळी एकाच आवाजात गातात आणि जिचा अंतिम शब्द कोणाचा हे अनिर्णित राहते, ती कृती फॅसिझमचा प्रचार करू शकत नाही. प्रचाराला 'आम्ही' कोण हे ठाऊक असावे लागते. आणि त्याच कारणाने ती रँड यांच्या तत्त्वज्ञानाचा प्रचारही करू शकत नाही.

८.

ऋणनिर्देश हा रूपांतराच्या अभ्यासाचा आरंभबिंदू असतो; त्याला निष्कर्ष मानले की वाचन थांबते. '२११२'च्या बाबतीत तसेच घडले. रँड यांचे नाव वाचताच चाहते निश्चिंत झाले आणि टीकाकार सावध झाले. संहिता मात्र दोघांच्याही हातून निसटली. कथेचा सांगाडा एका विचारव्यूहातून आला, परंतु त्यात दिव्याऐवजी गिटार येताच सर्व नाती बदलली. दिवा एकट्यालाही उजेड देतो. वाद्याला ऐकणारा लागतो. या एका बदलामुळे 'मी'चे स्तोत्र म्हणून सुरू झालेली रचना ऐकणाऱ्याच्या शोधाची कथा बनली, आणि तो ऐकणारा कथेत न सापडल्यामुळे ती शोकांतिका झाली.

भारतीय भाषांतील तौलनिक अभ्यासाने परकीय कृतींकडे पाहताना स्वतःच्या व्याकरणाचा विचारसाधन म्हणून फारसा उपयोग केलेला नाही. इंग्रजी संहितेत एकाच शब्दाखाली झाकलेला भेद मराठी, गुजराती, तमिळ किंवा तेलुगूच्या वाचकाला विनासायास दिसतो; कारण घरात आणि रस्त्यावर बोलताना तो क्षणोक्षणी 'आम्ही' आणि 'आपण' यांत निवड करीतच असतो. सत्तेविषयीचा आणि सहजीवनाविषयीचा पुष्कळसा विचार या रोजच्या निवडीत साठवलेला आहे. '२११२'च्या अखेरच्या घोषणेतील सर्वनामाचे मराठी भाषांतर करण्याचा प्रयत्न कोणी केला, तर त्या अल्बमवर गेल्या पन्नास वर्षांत झालेल्या वादाचे मर्म त्याच्यापुढे एका शब्दाच्या निवडीत येऊन उभे राहील.